चंद्रावरून न दिसणारी भिंत

नाना,

चपलांचा एवढा ढीग मी आजवर फक्त रविवारी सकाळी गच्चीच्या दाराशी पाहिला होता. पण तेव्हाच्या चपला पोरासोरांच्या असायच्या, एकीचा अंगठा तुटलेला, दुसरीचा पट्टा शिवलेला. परवा तुमच्या तेराव्याला घराच्या दाराशी होता तो ढीग मोठ्या माणसांच्या मापाचा. कंपनीचे जाडजूड बूट, टाचेच्या सँडल, कुणाचे पांढरे नर्सचे बूट. मी ढिगापुढे उभी राहिले आणि आत पाऊल टाकवेना. आत बसलेल्यांत, शेवटची दोन वर्षं तुमच्याशी धड न बोललेली मी एकटीच असणार होते.

जे तोंडावर बोलायचं राहिलं ते आता लिहिते आहे. तुम्हाला गिचमिड अक्षर चालत नसे, म्हणून सावकाश लिहिते.

सुरतेतल्या आमच्या डिंडोलीच्या सोसायटीत नवीन राहायला आलेली माणसं तुम्हाला शाळेतले शिक्षक समजायची. लूमच्या कारखान्यातले लोक तुम्हाला 'मास्टर' म्हणून हाक मारत, ते ऐकून ह्या नव्या लोकांना वाटे 'मास्तर'. तुम्ही दर वेळी हात जोडून सांगायचात, "मास्तर नाही हो, मास्टर. बंद पडलेला माग चालू करतो." आठवीत शाळा सोडून अमळनेरकडच्या गावातून आलेला माणूस, नखांत कायम काळं ऑइल, आणि रविवार उजाडला की गच्चीवर सतरंजी टाकून वीस-पंचवीस पोरांना प्रश्न विचारत बसलेला. फी नाही, परीक्षा नाही. रद्दीच्या दुकानातून निवडून आणलेली सामान्य ज्ञानाची पुस्तकं, बऱ्याचशांची शेवटची पानं गायब. "ह्याची उत्तरं फाटलेली आहेत," तुम्ही म्हणायचात, "म्हणून तर स्वस्तात मिळालं. आता डोकं चालवा."

त्या गच्चीवर ऐकलेल्या गोष्टींनी मी जी थक्क झाले, ती अजून पुरती सावरलेली नाही. शुक्राला स्वतःभोवती एक फेरी मारायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात त्याची सूर्याभोवतीची फेरी मारून होते, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मी नऊ वर्षांची होते. घरी येऊन आईच्या पोळपाटाभोवती वाटी फिरवत बसले, पोळ्या करपल्या. जत्रेतल्या फुग्यात भरतात तो हेलियम माणसाला आधी सूर्यावर सापडला आणि पृथ्वीवर नंतर, हे सांगताना तुमचाच आवाज बारीक झाला होता. "सूर्यावर कोणी गेलं नाही, काही आणलं नाही. नुसता त्याचा उजेड तपासला," तुम्ही म्हणालात आणि पुढचा प्रश्न विचारायचंच विसरलात. खालून मागांचा खडखडाट येत होता.

तापी पश्चिमेला का वाहते, ह्याचं उत्तर तुम्ही दोन प्रकारे द्यायचात. खरं उत्तर, की जमीन खचून झालेल्या दरीतून तिला तशी वाट मिळाली. आणि खानदेशी उत्तर, की तीही आपल्यासारखीच कामाला सुरतेला आली. "सुरतेतून 'र' काढला तर काय उरतं?" हा तुमचा लाडका प्रश्न. आम्ही ओरडायचो, "सुत!" तुम्ही म्हणायचात, "आणि 'र' म्हणजे रविवार. तो कोणाला काढू देऊ नका, नाहीतर जन्मभर नुसतं सूतच."

मला तो रविवार तुम्ही दिलात. मी आज सुरतेबाहेरच्या सचिन गावातल्या डाइंग मिलमध्ये लॅबला बसते, कापडाच्या रंगाची छटा नमुन्याशी जुळते की नाही ते पाहते, दिवसभर 'जुळत नाही, परत रंगवा' असं न घाबरता सांगते. ही नोकरी त्या गच्चीवरून आलेली आहे. एवढं सगळं घेऊन मी तुमच्याशी वागले कशी, तेही लिहिलं पाहिजे.

सातवीत होते. शहरातल्या एका मंडळानं सगळ्या माध्यमांच्या शाळांसाठी सामान्य ज्ञानाची स्पर्धा ठेवली होती. आमच्या मराठी शाळेतून कोणी कधी गेलंच नव्हतं. तुम्ही मुख्याध्यापिकाबाईंना भेटून माझं नाव घालायला लावलंत, एका दिवसाचं काम सोडून मला आणि बाबांना घेऊन गेलात. हॉलमध्ये पंखे होते, स्टेजवर माइक होता आणि सगळे प्रश्न गुजरातीतून येत होते. शेवटी दोघीच उरलो. मी आणि दोन वेण्या घातलेली, जाड चष्म्याची हेतल नावाची मुलगी. शेवटचा प्रश्न आला. माणसानं बांधलेली कोणती वस्तू चंद्रावरून नुसत्या डोळ्यांनी दिसते?

पहिली पाळी हेतलची होती. ती थोडा विचार करून म्हणाली, "एके नहीं." एकही नाही.

परीक्षकांनी नकारार्थी मान हलवली आणि माझ्याकडे पाहिलं. हा प्रश्न गच्चीवर तुम्ही आम्हाला शंभर वेळा विचारला असेल. मी म्हटलं, "चीननी दीवाल." चीनची भिंत.

टाळ्या पडल्या. बाबा खुर्चीवर उभेच राहिले. त्या गोंगाटातही हेतल माइकजवळ जाऊन म्हणाली, "पण साहेब, एटली पातळी दीवाल, एटले दूरथी केवी रीते देखाय?" एवढी अरुंद भिंत, एवढ्या लांबून दिसेल कशी? परीक्षक हसून म्हणाले, "चोपडीमां लखेलुं छे, बेटा." पुस्तकात लिहिलंय. हॉल हसला. मीही हसले. तुम्ही हसलात का, हे कितीही आठवून पाहिलं तरी मला आठवत नाही.

मिळालेला कप पितळी रंगाचा होता. बाबांनी तो फळीवर देवांच्या शेजारी ठेवला. आमच्याकडे पाहुणा आला की पाण्याच्या आधी कप यायचा. "मराठी शाळेची पोर, गुजराती शाळेला हरवून आली," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की ते घराच्या भिंतीचाच भाग झालं. बाबा तुमच्याच कारखान्यात मागावर उभे राहून म्हातारे झाले. त्यांच्याकडे दाखवण्यासारखं तेवढंच होतं.

मग चारेक वर्षांपूर्वी गच्चीवर तुम्ही तोच प्रश्न नव्या पोरांना विचारलात, आणि चौथीतल्या एका मुलीनं उलट विचारलं, "नाना, पण चंद्रावरून बघून आलं कोण?" दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हणे कारखान्याच्या भिंतीवर खडूनं गणित मांडलंत. चीनच्या भिंतीची रुंदी पाच-सहा मीटर. चंद्राचं अंतर पावणेचार लाख किलोमीटरच्या वर. तुमच्या मागावरच्या धाग्याची जाडी, जी तुम्ही बोटांनी ओळखायचात. मग त्रैराशिक. उत्तर आलं ते तुम्ही तीनदा तपासलंत. चंद्रावरून ती भिंत बघायची म्हणजे, डिंडोलीच्या गच्चीवर उभं राहून सचिनच्या मागावर ताणलेला एक धागा बघायचा.

भिंत लांब आहे, पण धागाही लांबच असतो. लांबीनं काय होणार?

हे सगळं तुम्ही मला सांगितलंत ते बऱ्याच उशिरा, बाबांना जाऊन वर्ष उलटल्यावर. एका संध्याकाळी आमच्या दारात उभे राहिलात, आत आला नाहीत. म्हणालात, "वैशू, मी चुकनू वं. ती पोर खरी व्हती."

मला आधी कळेचना कोण पोर. मग तुम्ही गणित सांगितलंत, आणि मला खरंच मजा वाटली. धाग्याची उपमा ऐकून मी टाळी वाजवली. तुम्ही मात्र हसत नव्हतात.

"तिला शोधायचं," तुम्ही म्हणालात. "जाऊन सांगायचं. आणि तुला पटलं तर कप द्यायचा."

"नाना, एकोणीस वर्षं होत आली! ती विसरलीही असेल."

"विसरली असेल तर चांगलंच. नसेल तर?"

"आणि कप काय म्हणून? तेव्हा सगळ्या पुस्तकांत तेच होतं. मी काही चोरी केली नाही."

"तू नाही केलीस. उत्तर मी दिलं होतं. तू फक्त पाठ केलंस. पण कप तुझ्याकडे आहे, म्हणून तुला विचारतो."

मी फळीकडे पाहिलं. कपाच्या मागेच बाबांचा फोटो होता, हार घातलेला. मला एकदम राग आला. म्हटलं, "हा कप बाबांचा जीव होता. ते गेल्यावर तुम्ही तो न्यायला आलात?" तुम्ही गप्प राहिलात म्हणून मी आणखी बोलले. जे बोलले ते इथे लिहिते, कारण ते आजवर मी कुणालाच सांगितलेलं नाही. मी म्हटलं, "तुम्ही मास्तर नाहीच ना नाना, मास्टर आहात. माग दुरुस्त करा. माणसं कशाला दुरुस्त करत फिरता?"

तुम्ही मान डोलावलीत. "बरं," म्हणालात, आणि जिन्यानं खाली गेलात.

त्यानंतर तुम्ही एकट्यानं शोध घेतलात. मला बातम्या आईकडून कळायच्या. तुमच्याजवळ माहिती केवढी, तर पहिलं नाव, शाळा आणि जाड चष्मा. सुरतेत हेतल शोधायची म्हणजे! तिच्या शाळेच्या जुन्या शिपायाला तुम्ही चार चकरा मारून गाठलंत, त्यानं एक सोडून पाच हेतल सांगितल्या. पहिल्या हेतलच्या नवऱ्यानं तुम्हाला दारातून हाकललं. दुसरीनं चहा पाजला आणि म्हणाली, "मी ती नाही, पण काका, सापडली तर मलाही कळवा." तिसरी लग्न करून नवसारीला गेली होती, तिथेही तुम्ही जाऊन आलात. ती नव्हती. बासष्टाव्या वर्षी, सकाळपाळी संपवून, दोन बस बदलत. मी हे ऐकायचे आणि आईला म्हणायचे, नानांना दुसरं काम नाही.

गेल्या दिवाळीनंतर तुम्ही खाली पार्किंगमध्ये मला थांबवलंत. "सापडली," एवढंच म्हणालात. चेहरा असा की जसा काही नवा ग्रह सापडलाय. "कतारगामला झेरॉक्सचं दुकान आहे तिचं. रविवारी जाणार आहे. येतेस?"

मी म्हटलं, रविवारी ओव्हरटाइम आहे. नव्हता, नाना.

आणि मग मागच्या महिन्यात तुम्ही गेलात. दुपारी जेवून पडलात ते उठलाच नाहीत. माई सांगत होत्या, ह्यांच्या उशाशी पुस्तक उघडं होतं.

तेराव्याला शेवटी मी आत गेले. भिंतीला टेकून बसले. माझ्या शेजारी चलथाणच्या साखर कारखान्यात काम करणारा एक जण होता, तोही जुना गच्चीवरचा. हळू आवाजात म्हणाला, "मला नऊ ग्रह शिकवले होते त्यांनी. ते आठ झाल्यावर मला सांगायला कारखान्याच्या गेटवर आले. उसाचं गळीत चालू होतं, वॉचमन सोडेना, तर दोन तास बाहेर उभे. मी धावत आलो, म्हटलं घरी कोणी गेलं की काय. तर म्हणाले, प्लूटो गेला." पलीकडची एक बाई, तिकडच्या दवाखान्यात नर्स आहे, ती म्हणाली, "मला जिभेचं सांगायला आले होते. टोकाला गोड लागतं, कडेला आंबट, असं शिकवलं होतं ना आपल्याला, ते खोटं निघालं. वॉर्डमध्ये येऊन सांगितलं. मी म्हटलं, नाना, फोन करायचा. म्हणाले, चुकीचं तोंडानं सांगितलं होतं, बरोबरही तोंडानंच सांगायला पाहिजे." मग तिसरा बोलू लागला, मग चौथी. आमच्या गच्चीवरून गेलेला एकही माणूस तुम्ही सोडला नव्हतात. मला वाटत होतं की मीच एक, माझ्याच मागे लागलात तुम्ही. त्या खोलीत बसून मला पहिल्यांदा कळलं की आमच्या शेजारी कोण राहत होतं.

तेवढ्यात दारात एक बाई आली, बरोबर दहा-अकरा वर्षांची मुलगी. ओळख सांगायची गरज पडली नाही. चष्मा तसाच जाड होता. माईंनी तिलाही कळवलं होतं.

हेतल माझ्याजवळ येऊन बसली, कारण तिला तिथे ओळखीचं कोणीच नव्हतं आणि माझी ओळख तिला तुम्ही सांगितलेली होती. गुजरातीतून, मधे मधे हिंदीतून तिनं सांगितलं ते मी मराठीत लिहिते. त्या स्पर्धेनंतर ती रडली नाही, की कोणावर चिडली नाही. ती म्हणाली, मी घरी गेले आणि माझंच चुकलं असं ठरवून टाकलं. पुस्तकात आहे, साहेब म्हणाले, सगळे हसले, म्हणजे माझं डोकं वेडंवाकडं चालतं. पुढे वर्गात काही मनात आलं तरी आधी वाटायचं, पुस्तकात नसेल. लग्न झालं, मुलगी झाली. मुलीला जनरल नॉलेज शिकवायची वेळ आली तेव्हा मीच तिला शिकवलं, चीननी दीवाल. मुलगी म्हणाली, असं कसं दिसेल? आणि मी तिला गप्प केलं.

"पछी तमारा नाना आव्या," ती म्हणाली. मग तुमचे नाना आले.

तुम्ही दुकानात गेलात, खिशातून बॉबिन काढलंत. धाग्याचं एक टोक तिच्या मुलीच्या हातात दिलंत आणि ते शटरला धरून ठेवायला सांगितलंत. मग हेतलला हाताला धरून मागे मागे नेत गेलात, रस्ता ओलांडलात, रिक्षावाले हॉर्न मारत होते. विचारलंत, "दिसतो?" ती म्हणाली, नाही. तुम्ही म्हणालात, "रस्ता ओलांडला तर नाही दिसत. चंद्र तर लांब आहे. बेन, तमे साचा हता. बारा वर्षांच्या वयात, सगळ्या हॉलमध्ये, तुम्ही एकट्याच बरोबर होता. मी चुकीचं शिकवलं होतं. माफी मागायला आलो."

हेतल एवढं सांगून थांबली. मग म्हणाली, "मी रस्त्याच्या त्या बाजूला उभी राहून किती वेळ रडले. काका बिचारे घाबरले."

मी उठले. आमचं घर दोन जिने वर. फळीवरून कप काढला, पदरानं पुसला, आणला, तिच्यापुढे धरला. काय म्हणाले ते नीट आठवत नाही. "हा तुमचा," एवढंच बहुतेक. मला वाटत होतं ती नको म्हणेल. अशा वेळी माणसं नको म्हणतात. तिनं घेतला. उलटसुलट करून पाहिला, पिशवीत ठेवला आणि चेन लावली. तिच्या मुलीनं चेन पुन्हा उघडून आत डोकावलं. मला इतकं हलकं वाटलं की मला हसू आलं, आणि तेराव्याच्या घरात हसता येईना म्हणून मी तोंडावर पदर धरला. लोकांना वाटलं मी रडते आहे. खरं म्हणजे दोन्ही चाललं होतं.

संध्याकाळी आईनं रिकामी फळी पाहिली.

"दिलास?"

"दिला."

"बरं झालं," आई म्हणाली. "तुझ्या बाबांची सुटका झाली."

मी विचारलं, सुटका कसली? मग तिनं सांगितलं. तुमचं ते खडूचं गणित झालं त्याच आठवड्यात तुम्ही आमच्याकडे आला होतात, मी कामावर होते. बाबा तेव्हा खाटेला खिळलेले. तुम्ही त्यांच्या उशाशी बसून सगळं सांगितलंत. बाबा खोकला लागेपर्यंत हसले. म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी सगळ्या पाहुण्यांना दुसऱ्याच्या पोरीचा कप दाखवला का रे!" मग शांत झाल्यावर म्हणाले, "देऊन टाका. पण वैशूला विचारून. जिंकली ती आहे, मी नाही."

शेवटच्या महिन्यांत बाबांनी पाहुण्यांना कप दाखवणं सोडलं होतं. मला वाटलं, दुखण्यानं.

"मग तू मला सांगितलं का नाहीस?" मी आईवर ओरडले.

"नानांनी सांगू दिलं नाही. आधी बाबांचं दुखणं, मग वर्षश्राद्ध होईपर्यंत ते स्वतःच थांबले. तू त्यांना दारातून परत पाठवलंस, त्या दिवशी मी म्हटलं, मी सांगते तिला, बापाचीच इच्छा होती म्हणून. तर म्हणाले, वहिनी, बापाचं नाव काढलं की ती मुकाट्यानं देईल. मग ते तिला पटलं की नाही, हे कोणालाच कळणार नाही. तिलाही नाही. तिला वेळ घेऊ द्या."

म्हणजे मी दारात बाबांचं नाव घेऊन तुमच्यावर ओरडत होते, तेव्हा बाबांचेच शब्द तुमच्याजवळ होते. एक वाक्य बोलला असतात तर मी तिथेच खाली बसले असते. तुम्ही ते बोलला नाहीत. माझं ते हिणवणं ऐकून घेतलंत, "बरं" म्हणालात आणि जिना उतरलात. पुढे दोन वर्षं पार्किंगमध्ये, लिफ्टपाशी, दूध आणताना मी तुम्हाला टाळत राहिले, आणि प्रत्येक वेळी ते वाक्य तुमच्याजवळ होतं.

मी उशीर केला, नाना. तुम्ही असताना मला पटायला हवं होतं. पण पटलं ते माझं मला पटलं, आई सांगायच्या आधी. एवढं एक तुम्हाला कळायला हवं, म्हणून हे सगळं लिहिलं.

तुमची,
वैशू